सलोनिकाचे ज्यू का वाचले नाहीत?

९ एप्रिल १९४१ रोजी जर्मन फौजा उत्तर ग्रीसमधल्या सलोनिका शहरात शिरल्या. तेव्हा तिथे सुमारे ५० हजार ज्यू राहत होते. युद्ध संपल्यावर छावण्यांतून, डोंगरांतून आणि लपण्याच्या जागांतून परत आलेल्यांची मोजदाद झाली, ती दोन हजारांच्या आत भरली. साडेचारशे वर्षे ज्यांनी या बंदराची बोली घडवली, बाजार चालवले, सुट्टीचा वारसुद्धा ठरवून दिला, तो समाज १९४३ सालच्या पाच महिन्यांत संपला.

हे कसे घडले याबद्दल अभ्यासकांत आता फारसे मतभेद नाहीत. हुकूम, तारखा, गाड्या, अधिकाऱ्यांची नावे हे सगळे कागदोपत्री आहे. वाद आहे तो कारणांचा. त्याच देशात, त्याच जर्मनांच्या अमलाखाली, व्होलोस गावातले बहुतेक ज्यू वाचले. झाकिंथोस बेटावरचे २७५ च्या २७५ वाचले. अथेन्समध्येही पुष्कळांना आसरा मिळाला. मग सलोनिकातच जवळजवळ कोणी का उरले नाही? १९४८ पासून या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली गेली, आणि गेल्या तीस वर्षांत तर चर्चेचा रोखच पालटला.

शनिवारी बंद असणारे बंदर

१४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा ऑटोमन सुलतान दुसरा बायझीद याने त्यांना आपल्या मुलखात थारा दिला. त्यातले हजारो सलोनिकात उतरले. येताना त्यांनी स्पॅनिश आणली. तिच्यात हिब्रू, तुर्की, ग्रीक शब्द मिसळत गेले आणि लादिनो बोली तयार झाली. लोकरीचे विणकाम, तंबाखू, छापखाने, मासेमारी, गोदीतली हमाली असे सगळे धंदे त्यांच्या हाती होते. श्रीमंत पेढीवाला ज्यू होता आणि पाठीवर गाठोडी वाहणारा हमालही ज्यू होता. त्यामुळे शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, अख्खे बंदर बंद असे. १९१२ मध्ये ग्रीक सैन्याने शहर घेतले. पुढच्या वर्षीच्या शिरगणतीत सुमारे १ लाख ५८ हजार वस्तीत ६१ हजारांवर ज्यू निघाले. मुस्लिम आणि ग्रीक त्यांच्याहून कमी होते.

यानंतरची तीस वर्षे धक्क्यांची होती. ऑगस्ट १९१७ च्या आगीत शहराचा मध्यभाग जळाला आणि ५० हजारांच्या आसपास ज्यू बेघर झाले. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीत मुस्लिम गेले आणि आशिया मायनरमधून ग्रीक निर्वासितांचे लोंढे आले. ज्यू आपल्याच शहरात अल्पसंख्य ठरले. १९२४ मध्ये रविवारची सुट्टी सक्तीची झाली. शब्बाथ पाळणाऱ्याचे दुकान त्यामुळे आठवड्यातून दोन दिवस बंद राहू लागले. १९३१ च्या जूनमध्ये राष्ट्रवादी संघटनेच्या जमावाने कॅम्पबेल नावाची गरीब ज्यू वस्ती जाळली आणि पुष्कळांनी पॅलेस्टाइनची वाट धरली.

जुने इतिहासलेखन या काळाकडे सरळ उतरंड म्हणून पाहते: समाज आधीच खचला होता, नाझींनी शेवटचा घाव घातला. डेव्हिन नार यांच्या २०१६ च्या ‘ज्यूइश सलोनिका’ या ग्रंथाने हे चित्र पुष्कळ बदलले. त्यांनी समाजाचे दप्तर धुंडाळून शाळा, वर्तमानपत्रे, निवडणुका यांत हा समाज किती गुंतलेला होता ते दाखवले. नवी पिढी ग्रीक शिकत होती आणि स्वतःला ग्रीक नागरिक समजत होती. १९४० मध्ये इटलीने हल्ला केला तेव्हा सलोनिकाचे हजारो ज्यू तरुण अल्बानियाच्या आघाडीवर ग्रीक गणवेशात लढले. पुढे येणाऱ्या भाषेच्या वादात हा मुद्दा लक्षात ठेवावा लागतो.

चौकापासून स्टेशनापर्यंत

जर्मनांनी ग्रीसचे तीन तुकडे केले. सलोनिका आणि मध्य मॅसेडोनिया त्यांनी स्वतःकडे ठेवला, पूर्व मॅसेडोनिया आणि थ्रेस बल्गेरियाला दिले, अथेन्ससह बराच मोठा भाग इटलीकडे गेला. पहिल्याच वर्षी नाझी नेता रोझेनबर्ग याच्या पथकाने सलोनिकातली ज्यू ग्रंथालये आणि दप्तरे लुटली. मग दुष्काळ आला. ज्यूंसाठी खास कायदे मात्र वर्षभर फारसे आले नाहीत, आणि त्यामुळे वाईट टळले असे पुष्कळांना वाटू लागले.

११ जुलै १९४२, शनिवार. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना एलेफ्थेरियास चौकात बोलावले गेले. एलेफ्थेरिया म्हणजे स्वातंत्र्य. भर उन्हात त्यांना तासन्‌तास उभे केले, कवायती करायला लावल्या, मारले. नंतर रस्ते आणि विमानतळांच्या कामांवर वेठीला धाडले. तिथे माणसे मरू लागली तेव्हा जर्मन लष्करी प्रशासनातला अधिकारी माक्स मेर्टेन याने खंडणी मागितली. समाजाने दोन अब्जांहून अधिक ड्राख्मा मोजायचे कबूल केले. सौद्यात समाजाची प्राचीन दफनभूमीही गेली.

फेब्रुवारी १९४३ मध्ये ज्यूंच्या हद्दपारीची सूत्रे हलवणारा नाझी अधिकारी आइकमन याच्या कार्यालयातून डीटर विस्लिसेनी आणि आलोइस ब्रुनर हे दोघे आले. महिन्याभरात पिवळे तारे, घेट्टो, मालमत्तेच्या याद्या सगळे पार पडले. रेल्वे स्टेशनाजवळची बॅरन हिर्श ही गरिबांची वस्ती कुंपण घालून बंद केली गेली. एकेका भागातले लोक तिथे आणायचे, काही दिवस कोंडून ठेवायचे आणि गाडीत भरायचे, अशी रीत होती. लोकांना सांगितले होते की पोलंडमध्ये क्राकोजवळ त्यांची वसाहत होणार आहे. त्यांच्याकडचे ड्राख्मा काढून घेतले गेले आणि बदल्यात पोलिश झ्लोटींच्या पावत्या हातात ठेवल्या गेल्या. लग्न झालेल्यांना तिकडे वेगळे घर मिळेल अशी वदंता उठली, तेव्हा त्या कोंडवाड्यात घाईघाईने एकामागून एक लग्ने लागली. पहिली गाडी १५ मार्चला सुटली आणि २० मार्चला आउशवित्झला पोहोचली. तिच्यातल्या सुमारे २,८०० लोकांपैकी ६०९ जणांना छावणीत घेतले. बाकीच्यांना लगेच गॅस चेंबरमध्ये मारले. ऑगस्टपर्यंत अशा गाड्यांतून ४५ हजारांहून अधिक माणसे गेली.

रब्बींवरचा ठपका

वाचलेल्यांनी दिलेले पहिले उत्तर म्हणजे एक नाव होते: मुख्य रब्बी झ्वी कोरेट्झ. पूर्व युरोपातल्या गॅलिशियात जन्मलेले, जर्मन विद्यापीठीय वळणाचे हे अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपीय ज्यू परंपरेतले) विद्वान १९३३ मध्ये सलोनिकात आले. लादिनो बोलणाऱ्या सेफार्दी समाजात ते कायम थोडे परकेच राहिले. १९४१ मध्ये जर्मनांनी त्यांना पकडून व्हिएन्नाच्या तुरुंगात ठेवले आणि १९४२ च्या सुरुवातीला सोडले. त्या वर्षअखेर त्यांना समाजाचे अध्यक्ष केले. त्यानंतर प्रत्येक हुकूम त्यांच्या सहीने निघाला. पहिल्या गाडीच्या आदल्या दिवशी बॅरन हिर्शमधल्या लोकांना क्राकोच्या नव्या जीवनाबद्दल सांगितले तेही त्यांनीच.

स्वतः लपून वाचलेले रब्बी आणि इतिहासकार मिखाएल मोल्हो यांच्या १९४८ च्या ‘इन मेमोरियम’ या ग्रंथात कोरेट्झ यांच्यावर कठोर ठपका आहे. राऊल हिलबर्ग यांनी १९६१ मध्ये त्यांना जर्मनांच्या हाती आयते सापडलेले साधन मानले. घेट्टोतल्या ज्यू पोलिसांचा प्रमुख व्हिताल हासोन याला तर ग्रीक न्यायालयाने देहदंड दिला आणि १९४८ मध्ये तो अमलात आला. कोरेट्झ मात्र आपली बाजू मांडायला उरले नाहीत. बेर्गन-बेल्झन या नाझी छावणीतून हलवलेल्या गाडीतून सुटका झाल्यावर जून १९४५ मध्ये ते टायफसने वारले.

त्यांची बाजू पुढे नाथान एक यांनी आणि २००५ मध्ये मिन्ना रोझेन यांनी मांडली. रोझेन म्हणतात, समाजातले जुने राजकीय हेवेदावे आणि ‘बाहेरचा’ माणूस असल्याचा राग या आरोपांत मिसळला आहे. ११ एप्रिल १९४३ रोजी जर्मनांच्या अमलाखालच्या ग्रीक सरकारचे पंतप्रधान राल्लिस सलोनिकात आले. कोरेट्झ यांनी त्यांच्यापुढे रडून मध्यस्थीची याचना केली, हात हलवत परतले, आणि लगेच जर्मनांनी त्यांना पदावरून काढले. केवळ हुकमाचा ताबेदार असता तर त्याने हे धाडस केले नसते, असे बचावकर्त्यांचे म्हणणे आहे. विरोधी पक्ष अथेन्सचे उदाहरण देतो. सप्टेंबर १९४३ मध्ये विस्लिसेनीने तिथले रब्बी एलियास बार्झिलाय यांच्याकडे याद्या मागितल्या. त्यांनी कागद नष्ट केले, प्रतिकार संघटनेच्या मदतीने ते डोंगरात निघून गेले आणि लोकांनीही पांगावे असा संदेश मागे ठेवला.

ही तुलना वाटते तेवढी सोपी नाही. बार्झिलाय यांच्या समोर सलोनिकाचे उदाहरण होते. कोरेट्झ यांच्या समोर काहीच नव्हते. अथेन्सच्या काही हजार लोकांना सांगणे वेगळे आणि पन्नास हजारांना ‘पळा’ म्हणणे वेगळे. कोरेट्झ यांना नेमके काय ठाऊक होते, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. जर्मनांवर विसंबण्यात त्यांची चूक झाली हे बहुतेक सगळे मान्य करतात. त्या चुकीने किती जीव गेले, यावर एकमत नाही.

बोली, कुटुंब, डोंगर

दुसरे उत्तर समाजाच्या घडणीत शोधले जाते. ज्यूंचे ग्रीक उच्चार लगेच ओळखू येत, म्हणून खोटे ओळखपत्र घेऊनही लपणे अवघड होते. वस्ती दाट होती. कुटुंबे एकमेकांना धरून होती. म्हाताऱ्या आईबापांना सोडून डोंगरात जायला तरुण तयार होईनात, आणि गेलेल्यांतलेही काही परत आले. ही शेवटची गोष्ट आठवणींतून वारंवार भेटते आणि तिच्यावर शंका घ्यायला जागा नाही.

भाषेचा मुद्दा मात्र यानिना या शहरापाशी अडतो. तिथले रोमानिओट ज्यू रोमन काळापासूनचे. ते घरीदारी ग्रीकच बोलत. तरीही २५ मार्च १९४४ रोजी एका सकाळी त्यांना ट्रकांत भरले गेले आणि दहातले नऊहून अधिक परतले नाहीत. उलट व्होलोसमध्ये रब्बी मोशे पेसाख, तिथले बिशप आणि डोंगरातले प्रतिकारक यांचा वेळेवर मेळ बसला आणि बहुतेक लोक सुटले. बोली समान असूनही नशीब वेगळे झाले. म्हणजे बोलीपेक्षा वेळ, इशारा आणि आसरा देणारे हात यांना अधिक वजन द्यावे लागते.

वेळेचा हिशेब सलोनिकाच्या विरुद्ध गेला. १९४३ च्या मार्चमध्ये मॅसेडोनियातला सशस्त्र प्रतिकार अजून बाळसे धरत होता. वर्षभराने तो फोफावला, तोवर शहरात ज्यू उरले नव्हते. सुटकेची मोठी वाट इटालियन मुलखाची होती. इटलीचे कॉन्सुल ग्वेल्फो झांबोनी यांनी इटालियन नागरिकत्वाचे दाखले देऊन शेकडो लोकांना अथेन्सला जाऊ दिले. आणखी काही हजार लोक स्वतःच्या हिमतीने तिकडे गेले. सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि ती वाटही बुजली.

शहर काय करत होते?

गेल्या तीस वर्षांत चर्चेचा मध्यबिंदू ज्यूंवरून त्यांच्या शेजाऱ्यांवर आणि शहराच्या कारभारावर सरकला. मार्क मॅझावर यांनी ‘इनसाइड हिटलर्स ग्रीस’ (१९९३) आणि ‘सलोनिका, सिटी ऑफ गोस्ट्स’ (२००४) या ग्रंथांतून त्याची पायाभरणी केली. अँड्र्यू अपोस्टोलू यांनी २००० मध्ये सलोनिका हा ग्रीसमधला अपवाद होता असे मांडले: इतरत्र दिसलेली मदत इथे दिसली नाही, आणि प्रशासनाचे सहकार्य होते. लिऑन सालतियेल यांनी २०२० च्या ग्रंथात नगरपालिका, चर्च, न्यायालये, व्यावसायिक संघटना यांच्या नोंदी एकेक करून तपासल्या.

दफनभूमीची हकीकत या वादात सर्वांत महत्त्वाची आहे. शहराच्या पूर्वेच्या तटाबाहेर सुमारे साडेतीन लाख चौरस मीटरांवर तीन लाखांहून अधिक थडगी होती. विद्यापीठाच्या विस्तारासाठी ही जागा हवी अशी मागणी युद्धाच्या कितीतरी आधीपासून चालू होती. डिसेंबर १९४२ मध्ये नगरपालिकेच्या मजुरांनी खोदाई सुरू केली. नातेवाईक धावत आले, हाडे गोळा करू लागले. संगमरवरी शिळा बांधकामाला गेल्या. त्या फरसबंदीत लागल्या, भिंतींत लागल्या, जर्मनांच्या पोहण्याच्या तलावात लागल्या, आगीत जळालेल्या संत दिमित्रिओसच्या चर्चच्या डागडुजीतही लागल्या. आज त्या जागेवर ॲरिस्टॉटल विद्यापीठ उभे आहे. पुढाकार मेर्टेनचा की स्थानिक ग्रीक अधिकाऱ्यांचा, यावर अभ्यासकांचे मत एक नाही. जर्मन परवानगीखेरीज हे होऊच शकले नसते, असे एक बाजू म्हणते. परवानगी मिळवायला कोण गेले होते ते पाहा, असे दुसरी म्हणते.

मार्च १९४३ च्या घडामोडी शेजारी शेजारी ठेवल्या की फरक जाणवतो. ५ मार्चला सक्तीच्या कामगारभरतीविरुद्ध अथेन्सचे लोक रस्त्यावर उतरले आणि भरती थांबली. त्याच महिन्यात अथेन्सचे आर्चबिशप दमास्किनोस यांनी ज्यूंच्या हद्दपारीविरुद्ध पंतप्रधानांना निषेधाचे पत्र लिहिले. त्यावर अथेन्समधल्या विद्यापीठाच्या, वकिलांच्या, डॉक्टरांच्या आणि इतर संस्थांच्या प्रमुखांनी सह्या केल्या. सलोनिकातल्या संस्थांकडून असे एकही पत्र निघाले नाही. स्थानिक बिशप गेन्नादिओस यांनी रदबदलीचा प्रयत्न केल्याचे सांगतात. राल्लिस-कोरेट्झ भेटीत त्यांचा हात होता. पण संस्थांचा सामूहिक आवाज उठला नाही.

याला उत्तर देणारेही आहेत. सलोनिकावर जर्मनांची पकड अथेन्सपेक्षा किती तरी घट्ट होती, आदल्याच हिवाळ्यात लोक उपासमारीने मेले होते, मदत करणाऱ्याला मृत्यूची भीती होती, आणि दमास्किनोस यांच्या पत्राने एकही गाडी अडली नाही, याची ते आठवण देतात. जोखीम पत्करून ज्यू मुलांना घरात ठेवणारी ख्रिस्ती कुटुंबे सलोनिकातही होती. हे सगळे खरे आहे. तरी या लेखकाला वाटते, संस्थांच्या मौनाचा पुरावा आता इतका भरभक्कम आहे की रब्बींपासून सुरू होणारे स्पष्टीकरण त्यापुढे अपुरे पडते. हे मौन नसते तर किती वाचले असते, हे मात्र कोणत्याही दप्तरातून काढता येणार नाही.

घरे आणि दुकाने

गाड्या सुटू लागल्या त्याच महिन्यात ज्यूंच्या मालमत्तेची देखरेख करणारे एक ग्रीक सरकारी खाते उभे राहिले. सुमारे ११ हजार घरे आणि दोन हजारांवर दुकाने वाटायची होती. काही बल्गेरियन मुलखातून हाकललेल्या ग्रीक निर्वासितांना मिळाली. त्यांना डोक्यावर छप्पर हवेच होते. पुष्कळ मात्र जर्मनांच्या मर्जीतल्यांकडे आणि सहकाऱ्यांकडे गेली. स्त्रातोस दोर्दानास यांच्यासारख्या अभ्यासकांनी या वाटपाचा माग काढला आहे.

लोभामुळे शहर गप्प राहिले की माणसे गेल्यावर लोभ जागा झाला, हा इथला खरा वाद आहे. खाते हद्दपारीच्या आधी नव्हे, तिच्याबरोबर जन्मले, हे दुसऱ्या बाजूच्या पथ्यावर पडते. दफनभूमीच्या जमिनीची मागणी मात्र कितीतरी जुनी होती. सगळ्यांना एकाच मापाने मोजता येणार नाही, एवढे नक्की.

युद्धानंतर ग्रीसने कायदा केला आणि वारस नसलेली ज्यू मालमत्ता सरकारजमा न करता वाचलेल्या समाजाच्या कामी देण्याचे ठरवले. युरोपात हे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या देशांत ग्रीस होता. प्रत्यक्षात ताबा घेतलेल्यांनी संघटना उभारून विरोध केला, यादवी युद्ध पेटले, आणि परतलेल्यांना आपल्याच दारापाशी परक्यांशी कोर्टात भांडावे लागले. मेर्टेन १९५७ मध्ये ग्रीसमध्ये आला असता पकडला गेला. १९५९ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली, पण त्याच वर्षी तो पश्चिम जर्मनीच्या हवाली झाला आणि तिथे मोकळा राहिला. विस्लिसेनी १९४८ मध्ये ब्रातिस्लाव्हात फासावर गेला. ब्रुनर सीरियात लपला आणि त्याच्यावर समोरासमोर खटला कधीच चालला नाही.

उघडलेली आणि बंद दारे

ग्रीसमध्ये या विषयावर चाळीस-पन्नास वर्षे बोलले गेले नाही. राष्ट्राच्या इतिहासात ग्रीकांचा प्रतिकार आणि यादवी यांनाच जागा होती. २००४ मध्ये संसदेने २७ जानेवारी हा स्मरणदिन ठरवला. यानिस बुतारिस महापौर असताना शहराचा सूर बदलला. २०१४ च्या शपथविधीला ते कोटावर पिवळा तारा लावून आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाच्या आवारात दफनभूमीचे स्मारक झाले. २०१८ च्या जानेवारीत जुन्या स्टेशनाच्या परिसरात होलोकॉस्ट संग्रहालयाचा कोनशिला समारंभ झाला. त्याच साली जॉर्जोस आंतोनिऊ आणि डर्क मोझेस यांनी संपादित केलेल्या ग्रंथात ग्रीक तरुण अभ्यासकांचे लेखन एकत्र आले. त्यात रब्बींपेक्षा शेजारी, मालमत्ता आणि युद्धोत्तर राज्य यांवर भर आहे.

साधनांची अडचण अजून आहे. जर्मनांनी लुटलेल्या दप्तरांपैकी काही न्यूयॉर्कला आणि जेरुसलेमला आहेत, काही सोव्हिएत फौजांच्या हाती लागून मॉस्कोत गेली. ती परत देण्याचे रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये मान्य केले. या दप्तरांतून युद्धापूर्वीच्या समाजाची, त्याच्या शाळांची, मदतनिधींची, घरांची सविस्तर नोंद मिळेल. कोणत्या घरात कोण राहत होते आणि ते घर पुढे कोणाकडे गेले, हा धागा जोडायला तिचा उपयोग होईल. सलोनिकाची तुलना यानिना, व्होलोस, कोर्फू यांच्याशी दप्तरांच्या आधारे एकेक गाव घेऊन करण्याचे काम अद्याप अपुरे आहे. बल्गेरियन मुलखातले चार हजारांवर ज्यू मार्च १९४३ मध्येच, सलोनिकाच्या पहिल्या गाडीच्या आधी, पकडून पुढे ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत धाडले गेले. त्या बातमीचा सलोनिकावर काय परिणाम झाला, ती पोहोचली तरी होती का, यावरही संशोधन व्हायचे आहे.